पंतोजींची पारख

पंतोजीच्या शाळेला इमारत लागत नसे. देवळाचा सभामंडप, एखाद्या सावकाराच्या वाड्याची ओसरी, धर्मशाळेचा कोपरा किंवा पंतोजीच्या स्वतःच्या घराची पडवी, यांपैकी जे मिळेल तिथे शाळा भरे. पेशवाईच्या अखेरीस आणि इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला मराठी मुलखातल्या कसब्यांत आणि मोठ्या गावांत अशा शाळा ठिकठिकाणी होत्या. मुंबई इलाख्यात १८२९ च्या सुमारास झालेल्या मोजणीत सतराशेच्या आसपास शाळा आणि पस्तीस हजारांच्या आसपास मुले आढळली. म्हणजे एका शाळेमागे सरासरी वीस मुले. त्यांतल्या सरकारी शाळा अगदी थोड्या, बाकी सगळ्या पंतोजींच्या. पंतोजीला नेमणारा कोणी अधिकारी नव्हता, त्याच्याकडे कसले प्रमाणपत्र नसे आणि त्याची तपासणीही कोणी करत नसे. गावातले आईबाप त्याला ठेवून घेत आणि पटेनासा झाला की मुले काढून घेत. मुलांच्या घरून येणारे धान्य, महिन्याकाठी मिळणारे थोडे आणे, दसऱ्याच्या पाटीपूजनाची दक्षिणा आणि घरातल्या मुंजी-लग्नाला मिळणारे धोतर-पागोटे, यांवर त्याचा संसार चाले. चांगला पंतोजी कोणता, हे ठरवण्याचा हक्क त्यामुळे आपसूकच आईबापांकडे होता, आणि त्यांची कसोटी सरळ होती: मुलाचे अक्षर वळले का, आणि त्याला हिशेब येतो का.

अक्षराचे मोल तेव्हा पोटापाण्याशी बांधलेले होते. कुलकर्ण, सरदाराचे दप्तर, सावकाराची पेढी, सगळीकडे झरझर मोडी लिहिणारा हात लागे. मुलगा शाळेत आला की धूळपाटीसमोर बसे. पाटीवर बारीक माती किंवा विटकरीची पूड पसरलेली असे आणि तीत ‘ओनामासीधं’पासून अक्षरे गिरवण्यात महिनेच्या महिने जात. हात स्थिर झाला की बोरू आणि दौत मिळे, मग कागदावरचा कित्ता. छापील पुस्तक नव्हते, म्हणून पंतोजीचा हात हेच पुस्तक होते. त्याचे अक्षर वाईट असेल तर अख्ख्या गावाचे दप्तर वाईट अक्षरात लिहिले जाणार हे ठरलेले. लेखनकलेची ही आस्था जुनी आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि अध्यात्माच्या ग्रंथात अक्षराचे वळण, ओळींमधले अंतर आणि कागदाची राखण यांवर एवढे बारकाईने लिहावेसे वाटले, यावरून त्या विद्येची प्रतिष्ठा कळते. मराठीतला ‘ओनामा’, ‘धुळाक्षरे’, ‘उजळणी’, ‘कित्ता गिरवणे’ आणि ‘पाढा वाचणे’ हे सगळे प्रयोग याच पडवीतून भाषेत आले. शाळा गेली, तिची परिभाषा राहिली.

हिशेबाची तयारी तोंडी होती आणि ती आजच्या वाचकाला थक्क करील अशी होती. एकापासून तीसपर्यंतचे पाढे ही केवळ सुरुवात. त्यापुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे, शिवाय एकोत्री. ही पोपटपंची नव्हती, ते बाजाराचे हत्यार होते. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या जगात सव्वातीन आणे शेराने अडीच शेर गुळाचे किती, याचे उत्तर दुकानाच्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या द्यावे लागे. (आठ आणे दीड पै.) मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट या अधिकाऱ्याने १८२१ मध्ये नोंद केली, की इथला किरकोळ व्यापारीसुद्धा ज्या अचूकपणे हिशेब ठेवतो तसा इंग्लंडातल्या खालच्या वर्गातला माणूस ठेवत नाही. त्या नोंदीत अतिशयोक्ती आहे, पण पंतोजीच्या विद्येबद्दल ती काहीतरी सांगून जाते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि या पाढ्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. तोवर मोडीही शाळेतून जवळजवळ हद्दपार झाली होती.

शिकवण्याचे तंत्रही वाटते तेवढे ओबडधोबड नव्हते. शाळेत इयत्ता नव्हत्या. मुलगा कोणत्याही दिवशी दाखल होई आणि आपल्या चालीने पुढे जाई. एकाच ओसरीवर एक धुळाक्षरे गिरवत असे, दुसरा दिडकी घोकत असे आणि तिसरा खलित्याची नक्कल करत असे. वीस मुलांना वीस ठिकाणी ठेवून चालवायचे, म्हणजे पंतोजीला प्रत्येकाचे कुठे अडले आहे ते ध्यानात ठेवावे लागे. त्याचा हात पुरा पडत नसे तिथे मोठी मुले लहानांना गिरवायला लावत. संध्याकाळी सगळ्यांचा एकत्र परवचा होई, त्यात धाकटी मुले थोरल्यांच्या सुरात सूर मिसळून पुढचे पाढे ऐकूनच उचलत. या शाळेची दुसरी बाजूही तितकीच खरी. समजावून सांगणे हा पंतोजीच्या कामाचा भाग नव्हता. पाठ झाले की काम झाले. चूक झाली की छडी, अंगठे धरून ओणवे उभे करणे, हात बांधून आढ्याला टांगणे, असल्या शिक्षांच्या हकिगती एकोणिसाव्या शतकातल्या आठवणींत वारंवार भेटतात. छडी आणि विद्या यांचे नाते जोडणारी म्हण मराठीत इतकी रुजली, की तिच्यात काही गैर आहे हे कळायला पुढची शंभर वर्षे लागली. आणि ओसरी कोणासाठी होती, हा प्रश्न तर विचारलाच जात नव्हता. मुली तिथे नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले नव्हती, शेतकऱ्यांची थोडी. आईबाप पारख करत, पण ती मोजक्या घरांतल्या आईबापांची पारख होती.

अशाच धुळीतून एक गोष्ट जगभर गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख असलेल्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने वाळूत अक्षरे गिरवणारी तिथली मुले पाहिली आणि मोठ्या मुलाने लहानाला शिकवण्याची रीत आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये त्याने इंग्लंडात त्यावर पुस्तिका काढली. जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये स्वतंत्रपणे तशीच पद्धत चालवली आणि थोड्या पैशांत शेकडो मुले शिकवण्याचा उपाय म्हणून ती गाजली. मुंबईत १८२२ मध्ये देशी शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली. तिने शिक्षणातल्या उणिवा मोजल्या त्या चार: पुस्तके नाहीत, सोपी पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. पद्धतीच्या उणिवेवर उतारा म्हणून सुचवली गेली ती हीच लँकेस्टरची रीत. पंतोजीच्या ओसरीवर आधीपासूनच असलेली युक्ती विलायतेचा शिक्का घेऊन आली, आणि ती पंतोजीलाच नवी म्हणून शिकवायची ठरली.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. मंडळीने मोजलेल्या उणिवांपैकी पुस्तकांची बाजू सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारख्यांनी उचलली. त्यांच्या ‘बाळमित्र’ आणि इसापनीतीच्या भाषांतरावर मराठी मुलांची पहिली पिढी वाचायला शिकली. शिक्षकांची बाजू कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली होती. १८२६ मध्ये मुंबईत तयार केलेले चोवीस शिक्षक, चौदा मराठीचे आणि दहा गुजरातीचे, दख्खन, कोकण आणि गुजरातेतल्या शाळांवर रवाना झाले. संख्या चिमूटभर, पण शिक्षक हा तयार करावा लागतो, तो तयार झाला की नाही हे कोणीतरी वरून तपासते आणि मग त्याला गावात पाठवले जाते, हा क्रम इथे पहिल्यांदा पडला. गावाने माणूस निवडण्याऐवजी माणूस गावावर नेमला जाऊ लागला. पंतोजीचा मास्तर झाला तो इथे.

नेमणारे बदलले तसे गुण बदलले. नव्या शाळेत भूगोल, व्याकरण, अपूर्णांकांचे लेखी गणित आणि गोष्टींची पुस्तके आली. यांतले काहीही केवळ हाताने शिकवता येत नव्हते. शिक्षकाला स्वतःला कळावे लागे आणि मग दुसऱ्याला सांगावे लागे. या दोन क्षमता वेगळ्या आहेत, हे भारतीय परंपरेला ठाऊक नव्हते असे नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद लागतो, तेव्हा निवाड्याला बसलेली परिव्राजिका हाच भेद पुढे मांडते: एखाद्याची विद्या त्याच्या स्वतःच्या ठिकाणी उत्तम असते, एखाद्याला ती दुसऱ्यात उतरवण्याची हातोटी असते, आणि ज्याच्यात दोन्ही आहे तो खरा शिक्षक. निवाडा आचार्यांच्या नाचावरून न करता शिष्येच्या नाचावरून करायचा, असे ठरते. ती शिष्या मालविका विदर्भाची राजकन्या आहे, एवढ्या धाग्याने ही गोष्ट महाराष्ट्राशीही जोडलेली आहे. मात्र शाळामास्तराच्या संदर्भात या भेदाला संस्थेचे रूप मिळायला १८४५ उजाडावे लागले. त्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेला जोडून शिक्षक तयार करण्याचा वर्ग, म्हणजे नॉर्मल स्कूल, निघाला. त्याची सूत्रे ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांकडे होती. पुढच्याच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि वर्ग मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे आला. मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्याने मराठी शिक्षक घडवावेत, हा योग चांगलाच म्हणायचा.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी विद्याखाते उभे राहिले आणि पुण्यात ट्रेनिंग कॉलेज आले. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे प्रमुख होते. ‘शालापत्रक’ हे शिक्षकांसाठीचे मासिक त्यांनी चालवले आणि नंतर ते त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्याकडे आले. मास्तरांच्या जगात आता ‘ट्रेंड’ आणि ‘अनट्रेंड’ अशा दोन जाती पडल्या. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा मास्तर होई आणि ट्रेनिंगची वर्षे पुरी केली की पगार वाढे. खेड्यापाड्यांत ‘फायनल झालेला’ हे बिरुद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठ्या मानाचे होते.

तपासणीला येणारा डेप्युटी इन्स्पेक्टर लोकांच्या तोंडी ‘दिपोटी’ झाला. दिपोटीसमोर मुले घडाघडा बोलली तर मास्तर चांगला. मग दिपोटी येण्याआधी आठ दिवस एकाच धड्याची घोकंपट्टी, हुशार मुले पुढच्या रांगेत, मठ्ठ मुलांना त्या दिवशी घरी राहायची तंबी. पंतोजीच्या घोकंपट्टीला नावे ठेवणाऱ्या व्यवस्थेने परीक्षेच्या दारातून तीच घोकंपट्टी परत आणली, फरक एवढाच की पंतोजीची दिडकी बाजारात उपयोगी पडत होती. ग्रामीण विनोदी कथेला या दिपोटीने पुढे भरपूर खाद्य पुरवले.

खात्याच्या या पारखीवर सर्वांत जळजळीत टीका जोतीराव फुले यांनी केली. १८६९ मध्ये त्यांनी ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ हा पोवाडा लिहिला. शूद्रांच्या करातून पगार घेणारा शिक्षक शूद्रांच्याच मुलांना मनापासून शिकवत नाही, हा त्यातला रोख. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन मात्र निव्वळ टीकेवर थांबत नाही, त्यात पर्याय आहे. प्राथमिक शिक्षक ट्रेनिंग घेतलेला असावा, शक्य तिथे शेतकरी वर्गातून यावा, त्याला निर्वाहापुरता पगार मिळावा आणि मोठ्या गावात तो वाढवावा, असे ते मांडतात. त्यातली एक अट तर कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजच्या नियमावलीत सापडणार नाही: प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात धरायला लाज न वाटणारा आणि खालच्या मानलेल्या लोकांत सहज मिसळणारा शिक्षक हवा. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब, व्याकरण, भूगोल यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान असावे, असेही ते सुचवतात. शिक्षकाची लायकी त्याला काय येते यावरून न ठरवता तो कोणाच्या शेजारी बसू शकतो यावरून ठरवण्याचा हा विचार मराठी मुलखात पूर्वी कोणी इतक्या स्पष्टपणे मांडलेला नव्हता.

त्यांना तो मांडण्याचा अधिकार होता, कारण तोवर त्यांच्या घरात त्याचा प्रयोग होऊन गेला होता. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या आणि लग्नानंतर शिकलेल्या होत्या. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण-चिखल झेलत त्या शिकवायला जात, ही हकिगत सर्वश्रुत आहे. त्यांचे धैर्य एवढे बोलले गेले आहे, की त्यांच्या अध्यापनाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. त्या अध्यापनाचा एक पुरावा छापील स्वरूपात शिल्लक आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. तो कित्ता नव्हता. ज्या काळात शाळेतले लेखन म्हणजे दुसऱ्याची ओळ गिरवणे होते, त्या काळात एक मुलगी स्वतःच्या जातीवरच्या अन्यायाबद्दल स्वतःची वाक्ये रचते, धर्माला प्रश्न विचारते, हे तिच्या शिक्षकांनी तिला काय दिले होते त्याचे मोजमाप आहे. परिव्राजिकेचा निकष लावायचा तर नाच शिष्येचा पाहायचा, आणि तो इथे पाहायला मिळतो.

स्त्रीशिक्षकांच्या ट्रेनिंगची सरकारी सोय पुण्यात झाली ती १८७० च्या सुमारास, मेरी कार्पेंटर या इंग्रज बाईंनी १८६६ मध्ये हिंदुस्थानात येऊन त्याचा आग्रह धरल्यानंतर. वर्ग भरवणे अवघड होते. कुलीन घरातली बाई नोकरीला बाहेर पडत नसे. ज्या पडल्या त्यांत विधवा आणि परित्यक्ता बऱ्याच होत्या. मास्तरणीकडून सचोटी, सोशिकपणा आणि निष्कलंक वागणूक यांची अपेक्षा मास्तरापेक्षा कितीतरी जास्त होती, आणि ती शिकवते कशी हा प्रश्न त्यानंतर येई.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि बडोद्यात सयाजीरावांनी त्याआधीच, १९०६ पासून, ते संस्थानभर लागू केले होते. सक्ती आली की शाळा वाढतात, शाळा वाढल्या की शिक्षक कमी पडतात, आणि जिथे आधी कधी शाळा नव्हती तिथे एकटा मास्तर जाऊन पडतो. अशा मास्तराचे अस्सल चित्र व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवर नेमलेला तरुण राजाराम सौंदणीकर तिथे पाढे शिकवायला जातो आणि लवकरच लोकांची पत्रे लिहिणारा, पैसे पोचते करणारा, भांडणे मिटवणारा आणि तालमीची इमारत उभी करायला लावणारा माणूस होतो. कादंबरी असली तरी तिच्यातली माहिती खोटी नाही. खेड्यातल्या शाळामास्तराचे काम खरोखरच असे पसरत जात असे. मुलांना शाळेत आणायचे तर आधी मेंढ्या कोण राखणार याचे उत्तर द्यावे लागे, ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलेले नसे.

भाऊराव पाटलांनी हे उत्तर संस्थात्मक पातळीवर दिले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहू, रांधू, शिकू लागली. ज्या गावाला शाळा नाही तिथे एकशिक्षकी ‘व्हॉलंटरी’ शाळा काढायच्या तर शिक्षक त्याच मातीतला हवा, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. नाव पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे, काम मात्र फुल्यांच्या १८८२ च्या मागणीचे: शेतकऱ्याच्या मुलाला शिक्षक करून खेड्यात परत पाठवणे. या शिक्षकांच्या जोरावर सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात शेकडो शाळा उभ्या राहिल्या. वर्ध्यात १९३७ च्या परिषदेनंतर नई तालीमचा प्रयोग सुरू झाला, त्यात शिक्षकाकडून आणखी एक कसब मागितले गेले: टकळीवरचे सूत किंवा वाफ्यातली भाजी यांतून गणित, भूगोल आणि विज्ञान काढून दाखवण्याचे, ज्याला समवाय म्हणत. कल्पना मोलाची होती, पण फार थोड्यांना ती जमली. बहुतेक शाळांत टकळी टकळीच राहिली.

‘गुरुजी’ हा शब्द मास्तराला चिकटला त्यामागे अनेक कारणे असतील, पण त्याला जी माया चिकटली ती पांडुरंग सदाशिव साने यांच्यामुळे. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहाचे काम पाहत. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुऊन ठेवणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे हे सगळे ते न बोलता करत. रोज रात्री हाताने लिहून ते ‘छात्रालय दैनिक’ काढत आणि सकाळी मुलांनी ते वाचावे म्हणून लावून ठेवत. आदल्या दिवशीचे वसतिगृह, वाचलेले पुस्तक, थोरांचे चरित्र, असे त्यात काहीही असे. वर्गातल्या तासापेक्षा या हस्तलिखिताने मुलांवर जास्त काम केले असावे. शिक्षक म्हणून त्यांची कारकीर्द उण्यापुऱ्या सहा वर्षांची. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली ती कायमची. तरीही मराठी मनातला आदर्श शिक्षक आजही बव्हंशी त्यांच्या साच्यातला असतो, आणि याचा एक तोटाही झाला. प्रेमळपणा आणि त्याग यांची एवढी पूजा झाली, की अपूर्णांक समजावण्याची हातोटी, प्रश्न विचारण्याची कला, चुकलेल्या उत्तरातून मुलाचा विचार ओळखणे ही कारागिरी झाकली गेली. सेवाभाव असला की बाकी सगळे आपोआप येते, असा समज बळावला.

कारागिरीची बाजू बालवाडीच्या बायकांनी सांभाळली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम करत शिकल्या. माँटेसोरीच्या पद्धतीला तिथे देशी अंगण मिळाले होते. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला आणि पुढे ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत येऊ लागली. माँटेसोरीची साधने महाग, परदेशी आणि शहरी घरांना परवडणारी. १९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात भरवली गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरे राखणारी मुले अंगणातही नसत, म्हणून शाळा कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ झाली. शिंपले, बिया, पाने, खडे, काठ्या ही साधने झाली. रंग मोजायचे, आकार लावायचे, जड-हलके ओळखायचे, सगळे पाड्यावर सापडणाऱ्या वस्तूंतून. शिकवण्याआधी मुलाला आंघोळ घालणे, केस विंचरणे, जखम धुणे हाही पाठाचाच भाग मानला गेला. शिक्षिकेकडून काय लागते याची यादी इथे मुलापासून सुरू झाली: मूल कुठे आहे, कशात रमते, कशाला भिते, हे पाहण्याची नजर. पंतोजीच्या ओसरीवर प्रत्येक मुलाला आपापल्या चालीने जाण्याची जी मुभा होती आणि जी सरकारी इयत्तांनी मोडली, ती कोसबाडला वेगळ्या वाटेने परत आली, या खेपेला छडीवाचून.

स्वातंत्र्यानंतरची वाटचाल मुख्यतः विस्ताराची आहे. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. ट्रेनिंगचे नाव डी.एड. झाले, बारावीनंतर गावाकडच्या मुलामुलींना नोकरीची ती सर्वांत भरवशाची वाट वाटू लागली, आणि शहरांत ‘गुरुजी’च्या जागी ‘सर’ आणि ‘मॅडम’ आले. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढले. रूढ पाठ टाचणाची चौकट बाजूला ठेवून मुलांच्या प्रश्नांवरून धडा रचण्याची तिथली रीत अनेक शिक्षकांनी पाहून उचलली. चांगली शाळा पाहणे हेच शिक्षकाचे उत्तम ट्रेनिंग, हे त्या छोट्या शाळेने दाखवले. दरम्यान शिक्षकाच्या गळ्यात जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे पडत गेली. बनगरवाडीचा मास्तर गावाची कामे करत होता, आताचा सरकारची करतो.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी आली आणि पंतोजीची छडी कायद्याने संपली. शिक्षक होण्यासाठी पात्रता परीक्षा आली. ती विषयाचे आणि बालमानसशास्त्राचे ज्ञान तपासते, वर्गात उभे राहून ते मुलापर्यंत नेण्याची हातोटी मात्र कागदावरच्या पर्यायांत बसत नाही. साधारण याच दशकात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या जिल्हा परिषद शाळांचा बोलबाला झाला. तिथल्या शिक्षिकांनी बाके बाजूला सारून वर्गाची फरशी वापरायला घेतली. अक्षरे, अंक, शब्दांची चक्रे फरशीवर रंगवली, खडे, काड्या आणि कार्डे मुलांच्या हातात दिली, आणि मुले गटागटाने जमिनीवर बसून एकमेकांना शिकवू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले आणि आपापल्या शाळांच्या फरशा रंगवून आले. जिथे पाहणाऱ्याने फक्त रंग नेला तिथे फरशी नुसतीच रंगीत झाली. जिथे शिक्षक मुलांच्या मांडीला मांडी लावून खाली बसला, तिथे पहिलीतली मुले दिवाळीच्या आत वाचू लागली.